अमेरिकेची वाढ व आपला शिरूर तालुका

आज जगात बलाढ्य गणले जाणारे अमेरिकेचे राष्ट्र १६०७ साली जेम्सटाउन येथील लहानशा इंग्रज वसाहतीपासून वाढले. पुढे तेरा वसाहतींनी १७७६ त स्वातंत्र्य पुकारिले. परंतु त्यांचे पुष्कळ ऐश्वर्य गुलामांच्या घामाने पिकलेल्या कापसाचे होते. गुलामगिरीपायी १८६१ त तेथे यादवी माजली. विलायतेस जाणारा कापूस अडला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. इकडे धान्यही महागले व सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ त युद्ध मिटले, गुलाम मुक्त झाले, ते राष्ट्र एकवटले व शतक सरण्यापूर्वी कारखानदारीत इंग्लंडाच्याही पुढे गेले. आमच्या कुणब्यांस मात्र पडलेले भाव आणि चढते व्याज एवढेच उरले. तळेगाव ढमढेरे ज्या तालुक्यात आहे, त्याच शिरूर तालुक्यातील करडे गावाने १८७४ त सावकारावर बहिष्कार घातला. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे खते जळाली.