सायकलला रंग कोणता द्यावा?

इगतपुरीच्या पावसाची ओळख करून द्यायला नको. मृग लागला की ढग घाट चढून वर येतात. मग दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. आपल्या इगतपुरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हे सारे पाणी वाहून न जाता जागीच साचले, तर ते दहा फूट उंच चढेल! हा पाऊस भाताला मानवतो. लोखंडाचा मात्र तो वैरी आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी सायकल असते. कोणी तिच्यावरून दूध घालायला जातो. कोणी घोटीच्या बाजाराला जातो. कोणाची मुलगी शाळेला जाते. सायकल जुनी झाली, रंग उडाला, की आपण म्हणतो, "औंदा हिला रंग देऊ." दुकानात जाऊन विचारतो, "लाल बरा दिसंल का निळा?"

हा प्रश्न वाईट नाही. पण तो शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. सांगाडा धड आहे का? रंगाच्या खाली काय देणार? आणि रंग कोणत्या जातीचा घेणार?

गंज कसा चढतो?

ओला विळा रात्रभर अंगणात राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस डाग दिसतात. पाणी आणि हवेतला प्राणवायू लोखंडाला एकत्र भेटले की गंज तयार होतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो. म्हणून तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात. त्या फटीतून पुन्हा पाणी शिरते.

यावरून काय समजायचे? गंजावर रंग फासला तर गंज थांबत नाही. तो रंगाच्या आड लपून लोखंड खात राहतो.

सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असतो. सीटच्या दांड्याकडून पाणी आत उतरते आणि पायडलच्या आसाजवळ साचते. तिथे नळी आतून कुजते. बाहेरून मात्र ती नवी दिसते.

आधी सांगाडा तपासा

चाके, चिमटा, हँडल, सीट, आस आणि छर्रे काढून ठेवा. मग जुना रंग घासून काढा. पॉलिश कागद पाण्यात भिजवून ओलाच घासा, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला मास्क लावा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

एवढी काळजी कशाला? जुन्या रंगांत पुष्कळदा शिसे असे. पूर्वी लोखंडाला शेंदराचा पहिला हात देत. तो शेंदूर शिशापासूनच केलेला असतो. शिसे पोटात गेले तर मुलांच्या मेंदूला इजा होते. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांसाठी नियम लागू आहे. रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. जुन्या सायकलवरचा रंग मात्र या नियमाच्या आधीचा असू शकतो. म्हणून घासलेला राडा गोळा करून टाका, विहिरीकडे किंवा गोठ्याकडे जाऊ देऊ नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

लोखंड उघडे झाले की सगळे सांधे उजेडात पाहा. केसासारखी बारीक भेग दिसते का? एखादी नळी दाबली तर खचते का? असे असेल तर रंगाचा डबा बाजूला ठेवा आणि सायकल मिस्त्रीला दाखवा. भेगेवर लांबी भरून रंग देणे म्हणजे फसवणूक आहे. अशी सायकल मागे माणूस बसवून घाटाच्या उताराला लागली आणि सांगाडा तुटला, तर रंग काय कामाचा?

रंगाच्या चार जाती

पहिली जात ऑइलपेंटची. याला एनामल असेही म्हणतात. हा ब्रशने देता येतो. लहान डबा तालुक्याच्या गावी मिळतो. एका सांगाड्याला २०० मिलिलिटर रंग पुरे होतो. हा सावकाश वाळतो आणि फार कठीण होत नाही. पण कुठे ओरखडा पडला, तर तेवढ्याच जागी घरच्या घरी पुन्हा लावता येतो.

दुसरी जात ड्यूकोची. हा पंपाने फवारतात. तो लवकर वाळतो आणि गुळगुळीत दिसतो. पण त्याचा थर पातळ असतो, म्हणून बरेच हात द्यावे लागतात. त्याची वाफ डोक्यात जाते आणि चटकन पेट घेते. हे काम मोकळ्या हवेत, चूल आणि विडीपासून दूर व्हायला हवे. ते रंगाऱ्याकडूनच करून घेतलेले बरे.

तिसरी जात पावडर कोटिंगची. यात पातळ रंग नसतोच. रंगाची भुकटी विजेच्या ओढीने लोखंडाला चिकटवतात. मग सांगाडा भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापवतात. भुकटी वितळून एकसंध थर होतो. हा थर चांगला चिवट असतो. पण त्यासाठी सांगाडा नाशिकसारख्या कारखान्याच्या गावी न्यावा लागतो. आणि एकदा टवका उडाला की पाणी त्या थराखाली सरकते. असा टवका दिसताच तिथे रंग लावावा लागतो, आणि तो हुबेहूब जुळत नाही.

चौथी जात चकचकीत मुलाम्याची. हँडलला असतो तसा. दिसायला तो सुरेख. पण त्याला बारीक छिद्रे असतात आणि इथल्या पावसात तिथून गंज फुटतो. सांगाड्यासाठी तो नको.

मग आपण कोणता घ्यावा? सायकल रोज पावसात चालणार असेल आणि खर्च बेताचा असेल, तर आम्ही ऑइलपेंट सुचवतो. तो सगळ्यांत कठीण नाही. पण त्याची डागडुजी आपल्या हातात राहते, आणि इगतपुरीत डागडुजी दर वर्षी लागणारच. फ्रान्स देशात पॅरिस शहरी १८८९ साली बांधलेला लोखंडी आयफेल मनोरा आहे. त्यालासुद्धा सुमारे सात वर्षांनी पुन्हा रंग द्यावा लागतो. एकदा दिला आणि जन्माचा सुटला, असा रंग नाही.

खालचा हात महत्त्वाचा

गंज घासून गेल्यावर सांगाडा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. तेलाचा हात राहिला तर रंग धरत नाही. मग लगेच रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन पातळ हात द्या. घासलेले लोखंड रात्रभर उघडे ठेवू नका. प्रायमर वाळला की वर ऑइलपेंटचे दोन पातळ हात द्या. प्रत्येक हात पुरता वाळू द्या. जाड हात दिला की ओघळ येतात आणि आत ओल राहते.

नळीच्या आत थोडे जवसाचे तेल ओता आणि सांगाडा फिरवून ते सगळीकडे पसरू द्या. उरलेले तेल निथळून काढा. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

आसाखाली पाणी निघायला भोक असेल तर ते रंगाने बुजवू नका. सांगाड्यावर ठोकलेला नंबरही लांबीने भरू नका. सायकल चोरीला गेली तर तोच नंबर तिची ओळख पटवतो.

हे काम दिवाळीनंतर, वैशाखापर्यंत उरका. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग नीट वाळत नाही.

आता रंगाची निवड

आता लाल की निळा, ते खुशाल ठरवा. आम्ही एवढेच सांगतो. धुक्यात मुंबई–आग्रा रस्त्यावर काळी सायकल ट्रकवाल्याला दिसत नाही. पिवळा किंवा पांढरा रंग लवकर दिसतो. फिकट रंगावर गंजाचा डागही लगेच नजरेला येतो. काळाच हवा असेल तर मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा द्या. मागचा लाल रिफ्लेक्टर मात्र रंगवू नका, तो पुसून लख्ख ठेवा.

लक्षात ठेवा

गंजावर रंग देऊ नये.
भेग झाकू नये, दुरुस्त करावी.
प्रायमरशिवाय रंग टिकत नाही.
आपल्याला दुरुस्त करता येईल असा रंग निवडावा.

प्रश्न

१. गंजामुळे रंगाला फोड का येतात?
२. जुना रंग ओलाच का घासावा?
३. पावडर कोटिंगचा एक गुण आणि एक दोष सांगा.
४. तुमच्या घरच्या सायकलवर गंज कुठे आहे? पाहून दोन ओळी लिहा.