लहान मासेमारी होडीसाठी योग्य पंख्याची निवड

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूस पूर्वी वल्ह्यांनी व शिडांनी चालणाऱ्या लहान होड्यांच्या मागील फळीवर आता पेट्रोलची इंजिने बसविलेली दिसतात. इंजिन घेताना अश्वशक्तीची चौकशी सर्वजण करतात. पण ती शक्ती पाण्याला पोचविणाऱ्या पंख्याची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः पंखा अयोग्य असल्यास उत्तम इंजिनही पेट्रोल व्यर्थ जाळते, लवकर झिजते आणि उलट्या वाऱ्यात भरलेली होडी किनाऱ्यास आणण्यास अपुरे पडते.

पंख्याचे कार्य

पंख्याची तिरपी पाती पाणी मागे ढकलतात व त्याच्या प्रतिक्रियेने होडी पुढे जाते. या साधनाचे सामर्थ्य १८४५ साली ब्रिटिश आरमाराने पारखले. पंख्याचे ‘रॅटलर’ आणि बाजूस चाके असलेले ‘ॲलेक्टो’ ही नाममात्र समान शक्तीची जहाजे शेपटीस शेपूट बांधून विरुद्ध दिशांस चालविण्यात आली. ‘रॅटलर’ने ‘ॲलेक्टो’ला ताशी सुमारे अडीच सागरी मैल वेगाने मागे ओढत नेले.

व्यास आणि अंतराल

पंख्यावर ‘९ × ७’ असे आकडे असतात. पहिला आकडा व्यासाचा, म्हणजे पात्यांची टोके ज्या वर्तुळात फिरतात त्याच्या रुंदीचा. दुसरा अंतरालाचा, व्यवहारात यास ‘पिच’ म्हणतात. लाकडात स्क्रू फिरवला असता तो प्रत्येक फेऱ्यास ठराविक अंतर आत शिरतो. पाणी लाकडाप्रमाणे घट्ट असते, तर पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता, तेवढा त्याचा अंतराल होय. दोन्ही मापे इंचांत असतात.

पाणी घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्ष गती कमी पडते. या तुटीस ‘घसर’ म्हणतात. समजा, इंजिन मिनिटास ५,००० फेरे करते आणि दंतचक्रांमुळे पंख्याचे फेरे निम्मे, म्हणजे २,५०० होतात. अंतराल ७ इंच असेल तर मिनिटास १७,५०० इंच, म्हणजेच सुमारे ४४५ मीटर, अर्थात ताशी २६.७ किलोमीटर ही कल्पित गती झाली. होडी प्रत्यक्षात ताशी १६ किलोमीटर गेली, तर घसर सुमारे ४० टक्के ठरते. थोडी घसर अपरिहार्य आहे, कारण तिच्यावाचून रेटा निर्माणच होत नाही. पण जड होडीस मोठ्या अंतरालाचा पंखा लावल्यास ती फार वाढते.

कसोटी

निवडीची खरी कसोटी इंजिनाच्या फेऱ्यांची आहे. पूर्ण वेगात इंजिनाने किती फेरे करावेत, याची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. होडीत नेहमीची माणसे, जाळी, बर्फ व इंधन ठेवून, शांत पाण्यात, जाताना व येताना असे दोन्ही वेळा पूर्ण वेगाने चालवावे आणि फेरेमापकाचे आकडे पाहून सरासरी काढावी. रिकाम्या होडीची चाचणी फसवी असते.

फेरे मर्यादेहून कमी पडल्यास इंजिनावर ताण येतो, ते तापते व काजळी धरते. अशा वेळी कमी अंतरालाचा पंखा घ्यावा. फेरे मर्यादेबाहेर गेल्यास इंजिन अतिवेगाने झिजते. तेव्हा अंतराल वाढवावा. लहान पंख्यात एका इंचाचा फरकही काहीशे फेऱ्यांचा असतो, म्हणून बदल एकेका इंचाने करावा.

जाळी व मासळी वाहणाऱ्या सावकाश होडीस साधारणतः मोठा व्यास व लहान अंतराल मानवतो. हलक्या, वेगवान होडीस मोठा अंतराल. व्यास मात्र इंजिनाच्या पायात मावेल इतकाच वाढविता येतो.

इतर दक्षता

मालवणच्या खडकाळ पाण्यात ॲल्युमिनियमचा पंखा बरा. आघात होताच त्याचे पाते वाकते आणि आतील दंतचक्रे बहुधा बचावतात. पोलादी पंखा बळकट खरा, पण आघात आत पोचवतो. पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीच्या आसपास असावी. इंजिन फार वर बसविल्यास पंखा हवा ओढतो व रेटा नाहीसा होतो. वाकलेले पाते कंप निर्माण करते, म्हणून ते वेळीच दुरुस्त करावे. पंख्यात जाळे अडकल्यास इंजिन पूर्ण बंद केल्यावाचून हात घालू नये. जुना पंखा सुस्थितीत असल्यास टाकून न देता जादा म्हणून होडीत ठेवावा. भर समुद्रात पाते मोडले, तर किनारा गाठण्याचे साधन तेच ठरते.