अप्पांना घरी आणताना

बाळा, अप्पांना उद्या घरी सोडणार म्हणतोस ना, मग सूनबाईलाही बोलाव. तुझ्या काकांना मी किडनी दिली, तेव्हापासून आम्ही जे शिकलो ते दोघांनी नीट ऐका.

अप्पांची प्रतिकारशक्ती वाढवायची नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतं, म्हणून गोळ्या देऊन ती शक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. गाव मायेपोटी काहीबाही घेऊन येईल. गुळवेलीचा काढा येईल, वैदूची पुडी येईल, गोठ्यातलं निरसं दूध येईल. समोरच्याचं मन मोडवत नाही, पण अप्पांच्या तोंडात त्यातलं काही जाऊ देऊ नका. पपनसही घरात नको, त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तीर्थ-पंचामृत नुसतं कपाळाला लावा.

भेटायला येणाऱ्यांना ओट्यावरच बसवा. शिंकणारं माणूस, मग ते नातवंड का असेना, आत नको. कुणी हळूच विचारेल, ‘कितीला घेतली?’ स्पष्ट सांगा, बायकोने दिली. 1994 च्या कायद्याने अवयव विकणं-घेणं गुन्हा आहे. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघेल तेव्हा अप्पा हट्ट धरतील. यंदा घरूनच हात जोडू द्या. गर्दी आणि गुलाल दोन्ही त्यांना सोसणार नाहीत. माणमध्ये जिकडेतिकडे बांधकामं चालू आहेत, त्या धुळीत बुरशी असते. रस्त्याकडची खिडकी बंद ठेवा आणि बाहेर पडताना मास्क लावा.

आता गोळ्यांचं. टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने, सकाळी नऊ तर रात्रीही नऊ. घरात लग्न असो नाहीतर मयत, वेळ टळता कामा नये. लेव्हल तपासायच्या दिवशी मात्र सकाळची गोळी द्यायची नाही, डबीत घालून पिशवीत ठेवायची. रक्त दिलं की लगेच घ्यायची. सवयीने घरीच दिली तर आकडा चुकीचा येतो आणि त्या आकड्यावर डॉक्टर डोस बदलतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, म्हणून उजाडताच निघा. दुकानदार ‘हीच गोळी, दुसऱ्या कंपनीची’ म्हणाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एखादी गोळी राहिली किंवा उलटीत पडली तर मनाने दुप्पट देऊ नका, फोन करा.

एक वही घाला. रोज उठल्यावर वजन, बीपी, ताप आणि दिवसभराची लघवी त्यात लिहा. सांगितली असेल तर साखरही. ताप शंभरावर गेला, लघवी कमी झाली, पायावर सूज आली किंवा वजन एकाएकी वाढलं, तर रात्र असली तरी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावा. आधी क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका.

अप्पांचा हात थरथरेल, बशीत चहा सांडेल. ते बहुधा गोळ्यांमुळे असतं, वहीत लिहून डॉक्टरांच्या कानावर घाला, पण त्यांच्यासमोर चेहरा पाडू नका. निम्माच कप भरा. स्टेरॉइडने भूक खवळते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि माणूस उगाच खेकसतो. सूनबाई, तू ते मनावर घेऊ नकोस.

आणि तुझ्या आईकडे बघ रे. सगळं घर अप्पांच्या खाटेभोवती गोळा होतं आणि जिने किडनी दिली ती चौथ्या दिवशी चुलीपाशी दिसते. माझ्याही बाबतीत तेच झालं होतं. तिच्याही पोटाला टाके आहेत. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्याची कळशी, गॅसची टाकी, भाताचं पोतं यांना तिने हात लावायचा नाही. कंबर दुखली म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी मेडिकलमधून आणायची नाही, तिलाही नाही आणि अप्पांनाही नाही. तिचं क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दरवर्षी तपासायचंय. ती स्वतःहून कधी सांगणार नाही, तेव्हा तिची तारीख त्याच वहीत लिहून ठेव.