कधी दाबायचं, कधी सोडायचं

पुणे

चि. सोनूस,


तुझं गाणं ऐकलं आणि सोबतची रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची फाइलही उघडून पाहिली. चाल छान बांधली आहेस. तबला तूच वाजवला आहेस, हे पहिल्या तिहाईतच कळलं. आता तुझा प्रश्न. "मावशी, कॉम्प्रेसर कोणता विकत घेऊ?" एकही घेऊ नकोस. रीपरबरोबर फुकट येणारा रीआकॉम्प तुला पुढची कित्येक वर्षं पुरेल. तुझ्या आवाजाच्या ट्रॅकवर रेशो 8:1, थ्रेशोल्ड उणे 30, अटॅक 1 मिलिसेकंद असे आकडे दिसले. ते कुठल्या तरी व्हिडिओतून उचललेत, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या व्हिडिओतला गायक, त्याचा माइक, त्याची खोली, यांतलं काहीच तुझ्या घरात नाही, मग त्याचे आकडे तुझ्या गळ्याला कसे बसतील?

नवशिका माणूस आधी "किती दाबू?" असं विचारतो. मी म्हणते, कधी दाबायचं आणि कधी सोडायचं ते आधी ठरव, 'किती'चा निकाल त्यातूनच लागतो. थ्रेशोल्ड आणि रेशोचं गणित शाळेतलं आहे. थ्रेशोल्डच्या वर 8 डेसिबल चढलेला आवाज 4:1 ला 2 डेसिबलच वर उरतो, म्हणजे 6 कापले गेले. एवढंच. अटॅक म्हणजे दाबायला लागणारा वेळ आणि रिलीज म्हणजे सोडायला लागणारा, ही मात्र वेळेची कामं आहेत, आणि वेळेचा कान तुला तबल्याच्या गुरुजींनी दिलेला आहे. बोट मात्रेच्या कुठल्या भागात पडतं आणि कुठे उचललं जातं, हे तुला सांगावं लागत नाही. तोच कान इथे लाव.

सुरुवात तुझ्याच तबल्यापासून कर. ट्रॅक सोलो करून दोन आवर्तनं लूपवर घे. 'ना' वाजतो तेव्हा चाटेवर बोट आपटल्याचा टणत्कार पहिल्या काही मिलिसेकंदांतच होऊन जातो, मग आस रेंगाळते. अटॅक 1 वर असला की कॉम्प्रेसर नेमका त्या टणत्कारावर झडप घालतो. वर मेकअप गेन देऊन सगळं उचललंस की आस फुगते आणि तबला मागे गेल्यासारखा लागतो. आता अटॅक हळूहळू वाढवत ने. 20 ते 30 च्या आसपास कधीतरी बोट पुन्हा ऐकू यायला लागेल. तिथे थांब. आता टणत्कार सुटून जातो, आस तेवढी आवरली जाते, आणि फेडरला हात न लावता तबला पुढे येतो.

रिलीजसाठी कानाबरोबर गेन रिडक्शनच्या, म्हणजे किती दाबलं ते दाखवणाऱ्या पट्टीकडेही बघ. तुझ्या गाण्याच्या आवाजावर ती पट्टी पहिल्या शब्दाला 12 डेसिबलवर जाऊन बसते आणि कडवं संपेपर्यंत जागची हलत नाही. दाबून सोडायचंच नसेल, तर नुसता फेडर खाली घेतलास तरी काम तेच होईल. तुझं गाणं 100 बीपीएमचं आहे. 60,000 ला त्याने भाग, एक ठोका 600 मिलिसेकंदांचा येतो, अर्धा 300 चा, पाव 150 चा. तबल्यावर 150 पासून सुरू कर आणि पुढचा जोरकस बोल येण्याआधी पट्टी शून्यावर परतते का ते पाहा. आकडा तंतोतंत जुळवत बसू नकोस. पट्टी ठेक्याबरोबर डुलायला लागली की समज, जमलं.

फार लहान रिलीजही घातक असतो. 50 हर्ट्झच्या स्वराचं एक कंपन 20 मिलिसेकंद घेतं. तू बासवर रिलीज 10 ठेवला आहेस, म्हणजे कॉम्प्रेसर एकेका कंपनाच्या आतच दाबसोड करतो आणि स्वराचा आकारच बिघडवतो. बासमधल्या ज्या खरखरीसाठी तू केबल बदलायला निघाली होतीस, ती इथून येते आहे. रिलीज 100 च्या वर ने, केबलचे पैसे वाचतील.

गळ्याच्या बाबतीत कॉम्प्रेसर लावण्याआधी दोन कामं हाताने करायची. पहिलं गातानाच. मुरलेले गायक तार षड्जाला जाताना माइकपासून मागे सरतात, मंद्रात पुढे येतात. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो. तेवढं काम तू स्वतःच केलंस तर यंत्रावरचं ओझं हलकं होतं. फार मागे मात्र जाऊ नकोस, नाहीतर तुझ्या खोलीचा घुमारा आत शिरेल. दुसरं काम रेकॉर्डिंगनंतरचं. जो शब्द एकटाच डोकं वर काढतो, तिथे क्लिप तोडून त्या तुकड्याचा आवाज तीन-चार डेसिबल उतरव. वेळ लागतो, कंटाळाही येतो, पण याला पर्याय नाही.

दुसऱ्या कडव्यात तू 'पाऊस' म्हणतेस तिथे 'प'चा झोत थेट माइकवर आदळला आहे. ऐकणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण कॉम्प्रेसर त्या खर्जातल्या धक्क्याला बिचकतो आणि पुढचं 'ऊस' गिळून टाकतो. रीआकॉम्पमध्ये हायपास नावाची एक पट्टी आहे, ती 100 हर्ट्झच्या आसपास आण. हा फिल्टर आपल्या कानावर येणाऱ्या आवाजाला लागत नाही, कॉम्प्रेसर जे ऐकून निर्णय घेतो त्याला लागतो. शब्द पूर्ण ऐकू येईल. पुढच्या रेकॉर्डिंगला पॉप फिल्टर लाव, म्हणजे दुखणं मुळातूनच जाईल.

त्यानंतर कॉम्प्रेसर, आणि तोही एकटा नको. 1960 च्या दशकातली दोन यंत्रं आजही स्टुडिओवाल्यांच्या तोंडी असतात. पहिल्याचं नाव 1176, त्याचा अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत मंद असतानाही एका मिलिसेकंदाच्या आत. दुसऱ्याचा, एलए-2ए चा, स्वभाव उलटा. त्यात आवाजाच्या जोराप्रमाणे एक दिवा उजळतो आणि त्या उजेडावरून किती दाबायचं ते ठरतं. त्याचा अटॅक सरासरी 10 मिलिसेकंद, आणि सोडताना अर्धा दाब 60 मिलिसेकंदांत सुटला तरी उरलेला सावकाश सुटत राहतो. गायकाचा आवाज अनेकदा या दोन्हींतून पाठोपाठ काढतात. पहिला उसळ्या पकडतो, दुसरा सगळी ओळ सावरतो. तुला हे दोन रीआकॉम्प लावून करता येईल. पहिला 4:1, अटॅक 1-2, रिलीज 60, फक्त वरच्या टोकांना 3 डेसिबल. दुसरा 2:1, अटॅक 15-20, रिलीज 250-300, तोही दोन-तीन डेसिबलपुरताच. हे आकडे सुरुवातीपुरते, पुढे कान सांगेल तसं.

आणि मेकअप गेन देताना दोन ओळींमधली मोकळी जागा ऐक. तू 12 डेसिबल दाबून 12 डेसिबल उचललेस. गाणं थांबलं की दाबायला काही उरत नाही, उचलणं मात्र चालूच राहतं, म्हणून पंख्याची घरघर वर येते. मुळात, रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करावा, बाळा.

आता साइडचेन. कॉम्प्रेसरच्या आत दोन वाटा असतात. एका वाटेने जाणारा आवाज दबतो, दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यावरून कधी दाबायचं ते ठरतं. एरवी दोन्हींत एकच आवाज असतो. दुसऱ्या वाटेत परका आवाज सोडला की झालं साइडचेन. रेडिओवर निवेदकाने तोंड उघडलं की मागचं संगीत उतरतं, ते याच युक्तीने. नाचाच्या संगीताने तिचा अलंकार केला. डाफ्ट पंकचं 2000 सालचं 'वन मोअर टाइम' आणि एरिक प्रिड्झचं 2004 चं 'कॉल ऑन मी' ऐक. किक पडली की बाकी सगळं दबतं आणि पुन्हा उसळतं, आणि ते कळावं अशीच योजना आहे.

तुझ्या गाण्याला ती उसळी शोभणार नाही. तुला गुपचूप जागा करून द्यायची आहे. मैफलीत गायकाने आलापी सुरू केली की साथीचा तबलजी हात आवरतो आणि जागा मिळाली की मोकळा सोडतो. तबला कमी झाला असं कोणी म्हणत नाही, गाणं स्वच्छ ऐकू आलं असं म्हणतात. कोणी कोणासाठी हात आवरायचा, हे आधी कागदावर लिही. तुझ्या गाण्यात बासचा सा 55 हर्ट्झवर आहे आणि किकही तिथेच घुमते, म्हणून दोघांचा चिखल होतो. इथे बासने किकला वाट द्यावी.

रीपरमध्ये ते असं कर. बासच्या ट्रॅकला चार चॅनल दे. किकच्या ट्रॅकवरून बासला सेंड काढ, पण 1/2 ऐवजी 3/4 वर पोचव. मग बासवरच्या रीआकॉम्पमध्ये डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी कर. रेशो 4:1, अटॅक 2-3. थ्रेशोल्ड इतकाच उतरव की किक पडली की पट्टी 4 डेसिबलपर्यंत जाईल. रिलीज 120 पासून धरून बघ. बास फार लवकर परतला तर किकची शेपटी झाकतो, फार उशिरा आला तर पुढचा ठोका पोकळ लागतो. हार्मोनियमलाही तुझ्या गळ्यासाठी अशीच वाट द्यायला लाव, पण दीड-दोन डेसिबलच्या पुढे नको, आणि रिलीज 300-400 ठेव. श्वास घेताना पेटी भसकन वर आली तर युक्ती उघडी पडते.

एक गोष्ट तुझ्या नकळत घडते आहे. सगळ्या वाद्यांच्या बसवर तू एक कॉम्प्रेसर ठेवला आहेस. डग्ग्यावर जोरात 'घे' पडला की तो दबतो आणि त्याच्याबरोबर तानपुराही खाली जातो. तानपुऱ्याने असं हेलकावे खाणं कानाला खटकतं. तिथेही हायपास 120 च्या आसपास ठेव, नाहीतर तानपुरा त्या बसमधून बाहेरच काढ. तानपुऱ्याला कॉम्प्रेसरची गरज जवळजवळ नसतेच.

शेवटी तुझी तक्रार, की बाकीच्यांची गाणी मोठी वाजतात. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून वाजवतं, यूट्यूबही जास्त जोराचं गाणं खाली ओढतं. लिमिटरने पिळून काढलेलं तुझं गाणं तिथे खालीच येणार, पिळल्याच्या खुणा मात्र राहणार. शिखर उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस आणि जोराची शर्यत सोडून दे. मोठा आवाज बरा वाटतो, हा कानाचा स्वभावच आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं होतं की पातळी वाढली की खालचे स्वर कानाला तुलनेने जास्त भरतात. म्हणून कॉम्प्रेसर चालू-बंद करून ताडून बघताना दोन्हीकडचा आवाज आधी सारखा कर. सारखा केल्यावरही चालू असलेलाच बरा वाटला, तर तो ठेव.

पुढची फाइल पाठवशील ती मास्टरवरचा लिमिटर काढून पाठव. प्रत्येक ट्रॅकच्या नोट्समध्ये एकेक ओळ लिही, हा कॉम्प्रेसर इथे कशासाठी लावला आहे. ज्याच्यापुढे ओळ सुचणार नाही, तो पाठवण्याआधी काढून टाक. ताईला नमस्कार सांग, आणि पोळी वेळेवर खात जा.

तुझी,
मावशी