झोपडपट्टी पुनर्वसनाची शासकीय मराठी : ‘पात्र’ आणि ‘अपात्र’

प्रास्ताविक

‘पात्र’ हा शब्द आपल्याला अनेक अर्थांनी परिचित आहे. नाटकात पात्र असते, नदीला पात्र असते, देवघरात पूजेचे पात्र असते. शासकीय मराठीत मात्र हाच शब्द एखाद्या कुटुंबाला घर मिळणार की नाही, हे ठरवतो. प्रस्तुत पाठात मुंबई उपनगरांतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या आधारे या शब्दाचा विचार करावयाचा आहे.

योजनेचे स्वरूप

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. विकासकाने पात्र झोपडीधारकांना मोफत सदनिका बांधून द्यावी आणि त्या मोबदल्यात मिळणारे वाढीव बांधकाम खुल्या बाजारात विकावे, हे या योजनेचे सूत्र होय. प्रारंभी सदनिकेचे चटईक्षेत्र २२५ चौरस फूट होते. पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले.

पात्रतेचे निकष

सक्षम प्राधिकारी झोपडीधारकांची जी यादी प्रमाणित करतो, तिला ‘परिशिष्ट-२’ म्हणतात. या यादीत प्रत्येक नावापुढे पात्र किंवा अपात्र असा शेरा असतो. येथे ‘पात्र’ याचा अर्थ ‘गरजू’ असा नाही. विहित दिनांकापूर्वीचे वास्तव्य कागदोपत्री सिद्ध करू शकणारा, असा आहे. हा दिनांक आधी १ जानेवारी १९९५ होता, नंतर तो १ जानेवारी २००० झाला. त्यानंतरच्या, परंतु १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांसाठी २०२३ मध्ये अडीच लाख रुपये किंमत ठरवून ‘सशुल्क’ पुनर्वसन हा प्रकार रूढ झाला. गरज तीच राहते. दिनांक बदलला की शेरा बदलतो.

उदाहरण : संघर्षनगर

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील वस्त्या हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. १९९५ च्या मतदार यादीत नाव असलेल्यांना ७,००० रुपये भरून पर्यायी जागा मिळणार होती. परंतु ती कल्याणजवळील शिरढोण येथे. उपनगरांत मोलमजुरी, घरकाम करणाऱ्यांच्या दृष्टीने तेथे जाणे म्हणजे रोजगार गमावणे होते. निवारा हक्क सुरक्षा समितीने हा प्रश्न लावून धरला आणि पुढे अंधेरीलगतच्या चांदिवली येथे पुनर्वसन झाले. वसाहतीला ‘संघर्षनगर’ हे नाव मिळाले. कागदावरील ‘पुनर्वसन’ या शब्दात छप्पर येते. पोट भरण्याचे ठिकाण त्यात आपोआप येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

समारोप

शासकीय भाषा निःसंदिग्ध असावी लागते, हे खरे. तथापि ती ज्याच्याविषयी लिहिली जाते, त्याला ती समजलीही पाहिजे. अपात्र ठरलेल्यास अपील करता येते. परंतु त्यासाठी शेऱ्याचा आणि त्यामागील कारणाचा अर्थ आधी उमगावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘पात्र’ आणि ‘गरजू’ या शब्दांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. अपात्र ठरलेल्या कुटुंबास समजेल अशा सोप्या मराठीत, अपिलाची माहिती देणारे पाच ओळींचे पत्र लिहा.