द्रव्यनामाला अर्थ कोठून येतो?

वैद्याने चिकित्सापत्रावर ‘रास्ना’ हा शब्द लिहिला, तर त्याने कोणते द्रव्य लिहिले याचे उत्तर प्रांतागणिक निराळे मिळते. उत्तर भारतात त्या नावाने सूर्यफुलाच्या कुळातील प्लुचिया लॅन्सिओलाटा दिली जाते, केरळात आल्याच्या कुळातील अल्पिनिया गलांगाचा कंद दिला जातो, तर बंगालात झाडावर वाढणारे व्हॅन्डा हे ऑर्किड. अशा संदिग्ध द्रव्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा वनस्पतिशास्त्राच्या अंगाने होते. परंतु ‘खरी रास्ना कोणती’ असे विचारण्यापूर्वी ‘रास्ना’ या पदाला अर्थ कोठून प्राप्त होतो, हे विचारणे आवश्यक आहे. हा प्रश्न मुळात शब्दशक्तीचा आहे आणि त्यावर आपल्या दर्शनकारांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे. गेल्या शतकात काही पाश्चात्त्य तत्त्वज्ञही वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणाच्या जवळ आलेले दिसतात.

नैयायिक पदांचे चार प्रकार मानतात. ‘पाचक’ हे पद यौगिक. त्याचा अर्थ अवयवांतूनच निघतो. ‘गो’ हे रूढ. तेथे व्युत्पत्ती पाहावी लागत नाही. ‘पंकज’ हे योगरूढ. चिखलात जन्मणारे पुष्कळ असले तरी त्याने कमळाचाच बोध होतो. ‘उद्भिद्’ हे यौगिकरूढ. व्युत्पत्तीने वनस्पती आणि रूढीने एक याग, असे दोन स्वतंत्र अर्थ त्याला आहेत. आपली द्रव्यनामे वरवर पाहता यौगिक भासतात, पण बहुतेक योगरूढ असतात. पावसाळ्यात पुन्हा नव्याने फुटणाऱ्या वनस्पती कितीतरी आहेत, म्हणून त्या सर्व पुनर्नवा होत नाहीत. ‘अमृता’ हे नाव निघंटूंत गुडूचीला आहे, हरीतकीला आहे आणि आमलकीलाही आहे. योगापेक्षा रूढी बलवान असते, हा मीमांसकांचा दंडक येथे फार उपयोगी पडतो.

असे असूनही केवळ पर्यायांच्या व्युत्पत्तीवरून द्रव्य निश्चित करणारे लेख वारंवार वाचावयास मिळतात. आम्हांस ही रीत उलटी वाटते. द्रव्य आधी माहीत असते आणि मग त्याचे पर्याय कळतात. पर्याय म्हणजे द्रव्याचे वर्णन अथवा स्तुती. एखादी वनस्पती सर्वच पर्यायांशी विसंगत असेल तर शंका घेण्यास त्यांचा उपयोग होतो, पण तेवढाच. वस्तूच्या वर्णनातूनच नाव त्या वस्तूपर्यंत पोहोचते, असे मत पाश्चात्त्यांकडेही दीर्घकाळ प्रचलित होते. फ्रेग आणि रसेल यांच्या नावाने ते ओळखले जाते. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिप्के यांनी १९७० साली प्रिन्स्टन येथील व्याख्यानांत त्याला हरकत घेतली. वर्णन चुकीचे ठरले तरी नाव त्याच वस्तूचे राहते, कारण एकदा ठेवलेले नाव मुखामुखी पुढे जाते आणि प्रत्येक नवा वक्ता ते आपल्याला जेथून मिळाले तेथील अर्थानेच वापरू पाहतो, असे त्यांचे प्रतिपादन. आपल्या भाषेत याला वृद्धव्यवहार म्हणावे. वृद्धव्यवहार हे नैयायिकांनी सांगितलेल्या शक्तिग्रहाच्या साधनांपैकी एक होय.

उपमान हेही असेच एक साधन. गाईसारखा तो गवय, हे त्याचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात त्याच्या जोडीला मुद्गपर्णी आणि माषपर्णी यांची उदाहरणे दिली आहेत. मुगासारखी ती मुद्गपर्णी, हे ऐकून मनुष्य रानात जातो, साम्य पाहून नाव व वस्तू यांचा संबंध जाणतो आणि औषधासाठी ती वनस्पती घेऊन येतो. शब्दार्थाच्या शास्त्रीय चर्चेत औषधी गोळा करणारा मनुष्य उभा आहे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता व्यवहारच दोन प्रकारचे असतील तर? शाबरभाष्यात ‘यव’ या पदाची चर्चा आहे. काही लोक त्याने लांब कुसाचे धान्य समजतात, तर काही प्रियंगू. तेथे निर्णय वाक्यशेषावरून, म्हणजे शास्त्रातील पुढील वाक्यावरून होतो: इतर वनस्पती म्लान होत असताना जे हर्षित दिसते ते यव. याच्या पुढचे अधिकरण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. पिक, नेम, तामरस ही पदे आर्यांच्या व्यवहारात नाहीत, म्लेंच्छांच्या व्यवहारात आहेत. मग व्याकरणाच्या बळावर अर्थ रचावा, की ते लोक ज्या अर्थाने पद वापरतात तो घ्यावा? मीमांसकांचा निर्णय असा की, तेथे वापरणाऱ्यांचाच अर्थ घ्यावा.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनवासी लोक औषधी नामरूपाने जाणतात असे म्हटले आहे, आणि लगेच सांगितले आहे की केवळ नामरूपज्ञानाने तिच्या योजनेचे ज्ञान होत नाही. ही ज्ञानाची वाटणीच आहे. हिलरी पटनम यांनी १९७५ साली हेच भाषेविषयी मांडले. एल्म आणि बीच या दोन वृक्षांतील भेद आपल्याला ओळखता येत नाही, तरी आपल्या तोंडी त्या दोन शब्दांचे अर्थ भिन्नच आहेत, कारण समाजात भेद ओळखणारे कोणीतरी आहेत, असे ते म्हणतात. ज्याने विदारीचा वेल रानात कधी पाहिला नाही असा वैद्यही ‘विदारी’ लिहितो आणि त्याला अर्थ असतो, तो कंद खणणाऱ्याच्या भरवशावर. तो खणणारा, त्याच्याकडून घेणारा दलाल, काष्ठौषधींचा व्यापारी आणि फार्मसी, यांतील एक दुवा निखळला तर चिकित्सापत्रावरील अक्षरे तीच राहतात आणि अर्थ बदलतो.

कोणाचा हेतू नसतानाही असा बदल होतो. गॅरेथ इव्हान्स यांनी १९७३ साली क्रिप्केंच्या मताला मुरड घालताना मादागास्करचे उदाहरण दिले. ते नाव मूळचे आफ्रिकेच्या मुख्य भूमीतील एका भागाचे. मार्को पोलोच्या गैरसमजातून ते बेटाला चिकटले. आपल्याकडे ‘ब्राह्मी’चे काहीसे असेच झाले आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसाव्या अध्यायात मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांचे स्वरसप्रयोग स्वतंत्र सांगितले आहेत. येथे वाक्यशेषच द्रव्ये दोन असल्याचे सांगतो. भारतीय आयुर्वेदीय फार्माकोपियानेही ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोन्निएरी आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका असा भेद केला आहे. तरीही महाराष्ट्रात रोपवाटिकेतून ‘ब्राह्मी’ म्हणून पुष्कळदा गोलसर पानांची सेंटेलाच हाती येते.

ही दोन्ही द्रव्ये मेध्य असल्याने अनर्थ टळतो. सर्वत्र तो टळत नाही. ब्रुसेल्स येथे वजन घटविण्याच्या उपचारांत १९९० पासून चिनी वनस्पती दिल्या जात होत्या. त्यांत ‘हान फांग-ची’ (स्टिफानिया) ऐवजी ‘ग्वांग फांग-ची’ (अ‍ॅरिस्टोलोकिया) आली. १९९३ साली हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वृक्क निकामी झालेल्यांची संख्या पुढे शंभराच्या वर गेली. उत्तरपद एक, द्रव्ये दोन. आपली ईश्वरी याच अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीतील आहे.

यावर वनस्पतिशास्त्रीय नाव लिहिणे हा उपाय सुचविला जातो. तो योग्यच आहे, पण तेथेही नावाला अर्थ वर्णनाने येत नाही. ते नाव संग्रहालयात जपलेल्या एका मूळ नमुन्याशी बांधलेले असते. अशोकाला आपण दीर्घकाळ सराका इंडिका म्हणत आलो. लिनिअसचे ते नाव जावा येथील वृक्षावर आधारलेले असल्याचे लक्षात आल्यावर आपल्या वृक्षाला १९६८ पासून सराका असोका हे नाव मिळाले. अशोकारिष्टातील साल तीच राहिली. जुन्या ग्रंथांतून लेबलावर नाव उतरवून घेणाऱ्या फार्मसीचालकांनी हे अवश्य पाहावे.

रास्नेच्या बाबतीत आमचे मत असे आहे की, ‘खरी’ कोणती हा वाद मिटण्याची वाट न पाहता कल्प ज्या परंपरेतून आला तिचाच अर्थ घ्यावा. केरळीय पद्धतीचा कल्प त्याच्या फलश्रुतीसह हवा असेल, तर त्यातील रास्ना अल्पिनियाच समजावी, कारण तेथील वैद्यांचा अनुभव त्या कंदाचा आहे. उत्तरेकडील परंपरेतून आलेला महारास्नादि क्वाथ करताना प्लुचिया घ्यावी. चिकित्सापत्रावर ‘रास्ना’पुढे कंसात वनस्पतीचे नाव लिहावे आणि फार्मसीने खरेदीच्या नोंदीत प्रत्येक मालापुढे तो कोणत्या प्रांतातून व कोणत्या नावाने आला, हे लिहून नमुन्याची एक पुडी वर्षभर जपून ठेवावी.