अंकांतून नाद : घरगुती श्रवणासाठी उंची डॅकची निवड

गायकाचा कंठ असो वा तंबोऱ्याची तार, ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील अखंड चढउतार होय. जुन्या तबकडीवर हा चढउतार नागमोडी खाचेच्या रूपाने कोरलेला असे. अंकीय ध्वनिमुद्रणात केवळ आकड्यांची रांग असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये डाव्या व उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० मोजमापे असतात, आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीने, दर्शविलेले असते. या आकड्यांपासून पुन्हा अखंड विद्युत्-दाब निर्माण करणारे उपकरण म्हणजे अंकीय-सदृश परिवर्तक. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास डॅक म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आकडे तुटक, म्हणून त्यांतून निघणारा नादही जिन्यासारखा असणार, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. मूळ ध्वनीतील सर्वोच्च कंप्रता मोजमापांच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असेल, तर तो ध्वनी मोजमापांवरून पूर्णपणे परत मिळविता येतो, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात दाखविले. मनुष्याच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची. उतारवयात तर ती बरीच खाली येते. डॅकमधील गाळणी पायऱ्यांच्या कडा काढून टाकते व मागे अखंड वक्र उरतो.

आरंभीच्या डॅकमध्ये रोधांची शिडी असे. तीतील सर्वांत वजनदार बिटाच्या मूल्यात सुमारे तेहतीस हजारांत एका भागाची चूक झाली, तरी ती सर्वांत हलक्या बिटाएवढी ठरते. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रात म्हणूनच १४ बिटांचा डॅक होता. आकड्यांचा वेग चौपट करून उरलेली उणीव भरून काढली होती. पुढे डेल्टा-सिग्मा पद्धती आली. तीत पायऱ्या मोजक्याच असतात, पण त्या अतिशय वेगाने बदलतात, आणि त्यामुळे होणारी खरखर कानाच्या कक्षेबाहेर ढकलली जाते. ही किमया आज स्वस्त चिपवरही साधते. निवडक रोधांची शिडी अजूनही मोठ्या किमतीस विकली जाते. त्या कारागिरीचे कौतुक करावे, पण महागाई म्हणजे अचूकता असे समजू नये.

जाहिरातीत २४ किंवा ३२ बिटांचा गाजावाजा असतो. दोन व्होल्टचा नेहमीचा निर्गम धरला, तर २४ बिटांतील सर्वांत लहान पायरी सुमारे एकतृतीयांश मायक्रोव्होल्टची होते. उलट, एक हजार ओहमचा साधा रोध खोलीच्या तापमानास, श्राव्य पट्ट्यात, स्वतःच अर्ध्या मायक्रोव्होल्टहून अधिक खरखर निर्माण करतो. ही उष्णतेची खरखर जॉनसन यांनी मोजली व नाइक्विस्ट यांनी १९२८ साली तिची उपपत्ती दिली. ती कोणत्याही किमतीस टाळता येत नाही.

मग निवडताना पाहावे काय? प्रथम, खरखर व विकृती यांची मोजलेली मूल्ये. दुसरे, जुळणी: डॅकचा निर्गम अॅम्प्लिफायरला झेपतो काय, आणि हेडफोन लावावयाचा असल्यास डॅकचा निर्गम-रोध हेडफोनच्या रोधाच्या एकअष्टमांशाहून कमी आहे काय. संगणकास जोडल्यावर ५० आवर्तनांची गुणगुण ऐकू येऊ लागली, तर दोष बहुधा भूजोडणीचा असतो. तेथे समतोल जोडणीचा डॅक खरोखर उपयोगी पडतो. तंबोऱ्याची तार विझत जाताना शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू यावी, यासाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत. परंतु स्पीकर व खोली मिळून नादात कित्येक डेसिबेलांचे फरक करतात. त्यापुढे दोन चांगल्या डॅकमधील फरक नगण्य असतो.

प्रस्तुत लेखकाने एकदा दुकानात दुप्पट किमतीचा डॅक 'अधिक सजीव' म्हणून पसंत केला. घरी व्होल्टमापक लावल्यावर कळले की, त्याचा निर्गम जुन्याहून थोडा मोठा होता, इतकेच! किंचित मोठा आवाज कानास मोठा न वाटता चांगला वाटतो. यासाठी एकच स्थिर सूर वाजवून दोन्ही उपकरणांचा दाब एक टक्क्याच्या आत जुळवावा, व कोणते चालू आहे हे ऐकणाऱ्यास न सांगता दुसऱ्याने बदल करावा. अमेरिकेतील मेयर व मोरान यांनी अशाच झाकलेल्या चाचणीत उच्च दर्जाच्या मुद्रणाची तुलना त्याच मुद्रणाच्या १६ बिटांतून काढलेल्या रूपाशी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर होती. नाणे उडविले असते तरी हेच घडले असते.

घरी सोळा वेळा ऐकावे. त्यांपैकी निदान बारा उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याचा संभव चार टक्क्यांहून कमी असतो. सोळा उत्तरांच्या शक्य रचना किती, हे ज्यांस मोजावयाचे असेल त्यांस ६५,५३६ हाच आकडा पुन्हा भेटेल.